बुडखा कापलेली अळंबी

भोर, ता. १२ ऑगस्ट १९३४

चि. सौ. नलूस रघुवीरचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही, याची आधी माफी मागतो. शाळेचं निमित्त सांगता येईल, पण ते खरं नाही. सुट्टी मिळाली की डोंगरात जातो आणि घरी आलो की आणलेला पाला कागदात दाबून वाळवत बसतो. पाटा-वरवंटाही मी वजन म्हणून पळवल्यामुळे चटणी बंद झाल्याची तुझ्या वहिनीची तक्रार आहे. भोर-वेल्ह्याच्या झाडपाल्याची आणि अळंब्यांची यादी तीनशे बारावर पोचली. महिनाअखेर ती पुण्याच्या प्राध्यापकांकडे जाईल.

वाळलेला नमुना चिकटवलेल्या प्रत्येक पानावर मी सांगणाऱ्याचं नाव घालतो. दुसऱ्याचं ज्ञान आपल्या नावावर जाऊ नये. पांढऱ्या अळंबीच्या पानावर ‘खाण्याजोगी, सांगणार ठकुबाई, मार्गासनी’ असं आहे. ही एकटी राहणारी विधवा बाई गावाला अळंबी निवडून देते.

परवा मार्गासनीला आनंदरावांकडे चहाला थांबलो. त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी विळ्याने कापून टोपलीभर पांढरी अळंबी आणली होती. सासू सखूबाई म्हणाल्या की ठकुबाईला दाखवल्याबिगर चुलीवर चढवायची न्हाई. मी दप्तरातलं पान काढून अळंबी त्याच्याशी ताडून दाखवली आणि तिचंच नाव इथे आहे, पुन्हा कशाला बोलावता, असं म्हटलं. आनंदरावांनी ते नाव मोठ्याने वाचलं. खरं सांगतो, अभिमान वाटला.

केशवरावांना नमस्कार. या आळशी भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
रघुवीर

वेल्हे, ता. २२ ऑगस्ट १९३४

ती. दादास सा. न. वि. वि.

बसून वाच. चंद्राबाई आणि सखूबाई दोघी गेल्या. अळंबी खाल्ली त्याच्या दुसऱ्या सकाळी उलट्या सुरू झाल्या, मग उतार पडल्यासारखं वाटलं, आणि मंगळवारी तासाभराच्या अंतराने दोघींचा प्राण गेला. आनंदरावांचा शुक्रवारचा उपास होता म्हणून ते वाचले.

गुरुवारी आनंदराव आणि त्यांचा भाऊ कुंडलिक ठकुबाईच्या दारात गेले. केसांना धरून तिला अंगणात ओढलं. कुंडलिकने तिचा उजवा हात उखळाच्या काठावर धरून वर मुसळ घातलं. टोपलीत उरलेली सडकी अळंबी तिच्या तोंडात कोंबायला लागले. ती दात उघडेना, तेव्हा दगडाने पुढचे दात पाडले. गाव भोवती उभा होता. आनंदराव रडत रडत मारत होते, आणि दर घावाला म्हणत होते की मास्तरच्या कागदावर तुजंच नाव हाय.

हे सारं गेनबा गाडीवानाने सांगितलं. त्यानेच तिला गाडीत घालून इथे दवाखान्यात आणलं. आता ती आमच्या पडवीत आहे. माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनाला हे झेपायचं नाही असं आमचे हे म्हणाले, पण पेज तेच भरवतात.

काल ती पहिल्यांदा बोलली. तिचं म्हणणं असं की, मास्तरास्नी म्या बुडखा उकरून दावला व्हता, बुडाला वाटी असली तर जहर म्हनून सांगितलं व्हतं. त्यांनी माजं नाव लिवलं आन् बुडखा कापून फेकला. दादा, हे खरं का? रविवारी तेरावं आहे. ते आटोपलं की ती जिथे असेल तिथे येऊन तिला संपवणार, असं कुंडलिक चारचौघांत बोलतो. तिने मुद्दाम विष खायला सांगितलं, असंच तो धरून बसलाय.

माया आहे म्हणून इतकं कडक लिहिलं.

नलू

भोर, ता. २४ ऑगस्ट १९३४

चि. सौ. नलूस आशीर्वाद.

खरं आहे. ठकुबाईंनी दोन अळंब्या उकरून शेजारी ठेवल्या होत्या. एकीचा देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला, दुसरीच्या बुडाला पांढरी वाटी. वरून दोन्ही सारख्या. बुडखा ओला आणि जाड. कागदात सपाट बसेना, शेजारची पानंही नासवी. म्हणून मी तो कापला, आणि त्यांचं सांगणं अर्धंच लिहिलं. पानावरच्या नावाच्या चिठ्ठीत जागा एका ओळीची होती. हे कारण लिहितानाच लाज वाटते.

याहून वाईट पुढे आहे. तुझं पत्र वाचल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर पान काढून त्यावर ‘बुडखा पाहावा’ हे शब्द घातले, जणू पहिल्यापासून होते. शाई नवी दिसत होती. जुनी वाटावी म्हणून पान चुलीच्या धगीवर धरलं. तुझ्या वहिनीने ते पाहिलं आणि ती आत निघून गेली. तेव्हा हात थांबला.

यादी पाठवत नाही, असं प्राध्यापकांना कळवलं आहे. तीनशे बारांपैकी किती पानांवर मी अर्धंच ऐकून लिहिलं, ते मलाच सांगता येत नाही.

कचेरीत जबाब देईनच. पण रविवारच्या आत कुंडलिकला कोण थांबवणार? मी एकट्याने जाऊ नये, तेच मुसळ माझ्यावर उचलतील, असं गेनबाने निरोपात कळवलं आहे. ते खोटं नसावं. मला भीती वाटते.

ठकुबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी घेतला नाही तर आग्रह करू नकोस. तू मात्र भाऊ म्हणून मला धरून राहा.

रघुवीर

ता. क. उद्याचं काम: मार्गासनीला आनंदरावांच्या अंगणात उभं राहून, ठकुबाईंनी बुडखा पाहायला सांगितलं होतं आणि तो मी कापला, हे सर्वांदेखत सांगणे.