कडबाकुट्टीत न गेलेली बोटं

अप्पा,

गेल्या आठवड्यात तुमचं कटर मशीन भंगारात गेलं. तुमच्या धाकट्यानं परभणीच्या दुकानात आता प्लायवूड आणि तयार दारं विकायला ठेवली आहेत, त्याला ती जागा हवी होती. मला फोन आला, "ताई, एकदा बघून जा." म्हणून सोनपेठहून सकाळच्या एसटीनं गेले. भंगारवाला माणसं घेऊन आला होता. ते मशीनच्या पायांना दोर बांधत असताना तुमचा लेक त्याला मोठ्या कौतुकानं सांगायला लागला, "आमच्या अप्पांचं बोट ह्याच मशीननं खाल्लंय बघा. तरी पंधराव्या दिवशी माणूस कामावर हजर. लय जिद्दीचे होते." भंगारवाल्यानं मशीनला हात लावून नमस्कार केला. मी दोन पावलांवर उभी होते, डावा हात सवयीनं पदराखाली. त्याच मशीननं माझी दोन बोटं नेली, एक अर्धं आणि एक मुळापासून, हे माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून निघालं नाही. त्याला खरं ठाऊक नाही असं नाही. पण इतकी वर्षं ताईची बोटं कडबाकुट्टीत गेली, कडबाकुट्टीत गेली असं ऐकून त्यालाही आता तेच खरं वाटतं.

घरी आले ती धुसफुसतच. नवऱ्यानं आपलं आपण जेवायला वाढून घेतलं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

मला मशीनपाशी कुणी आणलं, अप्पा? मी काही हट्ट धरून आले नव्हते. आई गेल्यावर तुमचा डबा घेऊन दुकानात यायची, आणि तुमचा गडी काम सोडून गेला होता. लांब फळी कापायची तर दुसरं टोक धरायला माणूस लागतंच. तुम्ही म्हणालात, "जरा धर गं." ते जरा तीन वर्षं चाललं. दुसऱ्या टोकाकडून पुढच्या टोकाकडं यायला मला तेवढा काळ लागला. काटकोन बघायला गुण्या कसा लावायचा, पात्याचा आवाज बदलला की फळीत गाठ आली हे कसं ओळखायचं, सगळं तुम्हीच शिकवलंत, तेही शिव्या घालून. एकदा मी चौकटीची बाजू सुतभर तिरकी कापली तर तुम्ही ती माझ्यासमोर कुऱ्हाडीनं फोडलीत आणि म्हणालात, "घे, चुलीला घाल. आज ह्याच्यावरच भाकरी कर." केली मी. धूर लय झाला, भाकरी करपली, तुम्ही मुकाट खाल्लीत. मला त्या दिवशी तुमचा राग आला नव्हता. पोराला शिकवावं तसं शिकवत होतात तुम्ही मला.

पण गिऱ्हाईक आलं की तुम्ही खाकरायचात. दारात पायताणाचा आवाज आला की तुमच्या घशात कफ दाटायचा. ती खूण होती. मी मशीन सोडायची आणि झाडू उचलायची. गिऱ्हाईक आत यायचं तेव्हा सुताराची पोरगी भुसा झाडत असायची आणि सुतार मशीनवर उभा असायचा. किती दारं, किती चौकटी, किती देव्हारे मी केले आणि तुमच्या नावावर गेले. तेव्हा मला ती गंमत वाटायची. आपल्या दोघांचा चोरीचा खेळ. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

बोटं गेली ती भर दुपारी, सागवानाची चौकट कापताना. कशी गेली त्यावरून आपलं भांडण झालंय, ते पुढं येईलच. तुम्ही तुमच्या डोक्याचा पटका सोडून माझ्या हाताला गुंडाळलात आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी विचारलं, "कशात गेला हात?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "कडबाकुट्टीत, साहेब. मामाकडं गेली होती पोखर्णीला." मी शुद्धीवर होते, अप्पा. मला ऐकू येत होतं. तिथली नर्स माझ्या वेणीतला भुसा झटकत म्हणाली, "बाई गं, ह्या कडब्याला सागवानाचा वास कसा यायलाय?" तुम्ही भिंतीकडं बघत राहिलात.

कडबा कापताना पोरीचा हात गेला तर पोरगी कामसू ठरते. शेणाची, गोठ्याची, संसाराची. करवतीवर गेला तर बाप नालायक आणि पोरगी हाताबाहेर गेलेली. हा तुमचा हिशोब मला तिथं खाटेवर पडल्या पडल्या कळला होता. पण बिचाऱ्या मामाचं काय? त्याच्या गावात बोभाटा झाला की पाहुण्याच्या पोरीला मशीनवर बसवून हात कापवला. मामी तावातावानं परभणीला आली. दारातूनच म्हणाली, "दाजी, पोरगी आमच्याकडं येऊन दोन वर्षं झालीत. आपलं ठेवायचं झाकून अन् नाव आमच्या कडबाकुट्टीचं व्हय?" तुम्ही तिला बसा म्हणालात, पाणी दिलंत, आणि खरं काही कबूल केलं नाहीत. मामी पाणी न पिता गेली. माझं आजोळ तिथं तुटलं.

आणि मग दुकान बंद केलंत माझ्यासाठी. टाके निघाल्यावर मी डबा घेऊन आले तर तुम्ही उंबऱ्यातच डबा घेतलात. "झालं तेवढं बास. सैपाकापुरता हात राहिलाय, तेवढा राहू दे." तुमचं बोट गेलं तेव्हा ते कारागिराचं बोट होतं. गिऱ्हाइकाला तुम्ही ते थोटूक नाचवून दाखवायचात, "हे आमच्या धंद्याचं सर्टिफिकेट." माझी दोन गेली तर माझा हात नासला. एकच मशीन, एकच पातं, आणि सर्टिफिकेट मात्र बापाला. त्या वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली, मशीनला झेंडूचा हार घातला, आणि हळदकुंकू लावायला तुम्ही धाकट्याला पुढं केलंत. त्या पोरानं तोवर साधा खिळा ठोकलेला नव्हता. मी ताट धरून मागं उभी. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुम्ही कुणापुढं चकार शब्द काढला नाहीत, माझ्यापुढंही नाही.

सोनपेठचं स्थळ आलं तेव्हा त्यांनाही तुम्ही कडबाकुट्टीच सांगितलीत. त्याच रात्री मी तुम्हाला बोलले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हणाले, "तुमच्या खाकरण्यानं माझी बोटं गेली. गिऱ्हाईक आलं, तुमी खाकरलात, मी दचकून हात सोडला. मला लपवता लपवता माझा हात घेतलात तुमी." तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात राहिला. मला वाटलं आता ताट भिरकावाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "असंल." आणि उठून हात धुतलेत.

नवऱ्याला मी लग्नाच्या आठव्या दिवशी खरं सांगितलं. तो माझ्या हाताकडं बघत म्हणाला, "म्हंजे तुला दार बसवता येतंय? मग आपल्या न्हाणीचं दार घासायलंय, ते बघ की." तुम्हाला लाज वाटावी असा जावई मिळाला तुम्हाला. आज आमच्या घरामागं माझं पत्र्याचं शेड आहे, माझं स्वतःचं मशीन आहे, आणि गिऱ्हाईक आलं तरी मी हलत नाही. तीन बोटांनी पटाशी धरायला शिकायला मला दोन वर्षं लागली. तेच तुमच्या दुकानात, तुमच्या शिव्या खात शिकले असते तर चार महिन्यांत जमलं असतं. हे मी तुम्हाला माफ करत नाही. कडबाकुट्टीही माफ करत नाही. मामीचं न पिलेलं पाणीही नाही.

इथवर लिहून मी वही मिटली होती. दोन दिवस ती तशीच पडून होती. मग परत उघडली, कारण त्या भांडणातलं माझं वाक्य खोटं आहे.

त्या दुपारी गिऱ्हाईक आलं हे खरं. मी पायताण ऐकलं आणि तुमच्या खाकरण्याची वाट बघितली. तुम्ही खाकरला नाहीत. तो माणूस आत आला, मला मशीनवर बघून म्हणाला, "आं? पोरगी चालवायलीय व्हय?" आणि तुम्ही, काय अंगात आलं होतं कोण जाणे, म्हणालात, "मग? तुमची चौकट तिनंच केलीय. माझ्यापरीस साफ हात हाय तिचा."

मी मान वर करून तुमच्याकडं बघितलं. फळी पुढं जात होती, हात फळीवर होता, आणि मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. बोटं गेली ती त्या बघण्यात, आणि मी बघतेय हे तुम्हीही बघितलंत. तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी माझ्या तोंडावर तुम्ही "असंल" म्हणालात. मी ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्ही आज समोर येऊन बसलात तरी, अप्पा, मी खाकरण्याचंच सांगेन.