सुझुनेची जागा

३ सप्टेंबर
नागोयाला पोचलो. मासेमारीची बोट सोडली, आता गाण्याचा धंदा. आई फोनवर म्हणाली, हेही सोडून घरीच येशील तू. मी म्हटलं, या वेळी टिकणार बघ. गायिकेचं नाव सुझुने. माणूस नाहीच ती, संगणकात बनवलेली. मंचावरच्या काचेच्या पडद्यावर उमटते, आणि खाली हजारो लोक जांभळ्या दिव्यांच्या कांड्या हलवत रडतात. पडदा पुसायचं काम माझं. आमचे मुकादम नागुमोसान यांनी पहिल्याच दिवशी वाम माशाचा भात खाऊ घातला. म्हणाले, खा लेका, उद्यापासून घाम काढतो तुझा.

५ सप्टेंबर
दिवे जुळवताना सुझुनेच्या जागी कुणाला तरी उभं राहावं लागतं. तिची उंची माझ्याएवढी, म्हणून मी. मंचावर चिकटपट्टीची फुली आहे, तिच्यावर. उतरताना वाकून म्हणायचं, जागा परत करतो. पन्नाशीचे वायरमनसुद्धा म्हणतात. मला हसू आलं. तेवढ्यात जेवणाचे डबे आले, मी ते न म्हणताच उडी मारून पळालो. दिव्यांवरच्या तोमोएनं वरून विचारलं, ए बोटवाल्या, बोललास का रे? मी म्हटलं, हो हो, बोललो.

६ सप्टेंबर
तालमीत सुझुनेनं मान खाजवली. उजव्या हातानं, कानामागून, मी खाजवतो तशी. संगणकावरून तिला नाचवणारी पोरं म्हणाली, हे आम्ही घातलेलं नाही. तोमोए म्हणाली, बोटवाल्याच्या उवा झाल्या वाटतं तिला. सगळे हसले. मीपण.

८ सप्टेंबर
ती गाते तेवढा वेळ माझे पाय हलत नाहीत. गाणं संपलं की सुटतात. आज काचेला हात लावला. गरम होती, अंगासारखी.

९ सप्टेंबर
नागुमोसानना खरं सांगून टाकलं, त्या दिवशी बोललोच नव्हतो. वाटलं शिव्या घालतील. ते मटकन खाली बसले. म्हणाले, मग ती जागा आता तुझीच रे पोरा. मी म्हटलं, आत्ता परत करतो ना. फुलीवर उभा राहिलो, वाकलो, तोंड उघडलं. आवाजच नाही. मग स्पीकरमधून आला, तिचा. म्हणाली, परत नको.

१० सप्टेंबर
हाका मारतो, कुणी बघत नाही. तोमोएनं शिडी माझ्या अंगातून नेली. लागली नाही —
आईला फोन लावला. घरी येतो म्हणालो. ती म्हणाली, कोण गं तू? माझ्या मुलाचा फोन तुझ्याकडं कसा?

११
कार्यक्रम चालू. काचेच्या आत आहे मी. दोन गाण्यांमधल्या अंधारात लिहितोय. मंचाच्या कडेला माझ्या जाकिटात कुणीतरी उभं आहे. तोंड माझंच. नागुमोसान त्याच्याकडं बघत नाहीत. माझ्याकडं बघून वाकले —
दौरा पुढच्या वर्षापर्यंत —
ढोल वाजला. हात वर चाललाय, मी नेत नाही, पेन्सि