तालमीतल्या गव्हर्नरांनी मंजूर केलेला नळ

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : मागल्या गल्लीतील नळ चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : "नळ कोणाच्या हुकमाने उघडला?" हा आपला प्रश्न.

महोदय,

हा प्रश्न आपण विचारलात तेव्हा दालनाच्या खिडकीतून बागेतले कारंजे दिसत होते. त्याचे थेंब जेमतेमच पडत होते. अर्जदार आपल्याच कार्यालयातील नक्कलनवीस, म्हणजे कागदांच्या नकला उतरवणारा कारकून. त्याचे हे लेखी उत्तर.

गव्हर्नरसाहेब येणार म्हणून आपण तालीम ठेवलीत आणि उंची जुळते म्हणून त्यांच्या जागी अर्जदाराला उभे केलेत. हेडक्लार्कांनी पढवले, "हात मागे, मान किंचित कलती. कुणी काही मागितलं की मान हलवायची अन् पुढे सरकायचं. बोलायचं नाही. बोललास की काम वाढतं." अर्जदाराला हे जड गेले नाही. कारकुनाला मान हलवण्याचा सराव असतोच.

नव्या कारंज्याबद्दल साहेबांचे आभार मानण्यासाठी मागल्या गल्लीतील परटीणमावशींना आणले होते. त्यांनी आभार मानले आणि त्याच दमात म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कारंज्यापायी आमचा नळ बंद केलाय. लेकीसुना टेकडीपलीकडून पाणी आणतात. तेवढं बघा." त्यांच्या बोटांच्या भेगांत साबण पांढरा होऊन वाळला होता; तो धुवायलाही पाणी नव्हते. अर्जदार मान हलवायची विसरला. तोंडून गेले, "मंजूर."

तालीम खऱ्यासारखी व्हावी, असा आपलाच हुकूम होता. तिथेच उभ्या असलेल्या नळकामगाराने तो पाळला आणि नळ उघडला. तेव्हापासून गल्लीत पाणी आहे आणि अर्जदाराला तिथे 'लाटसाहेब' म्हणतात. घरी पत्नीही म्हणते, "लाटसाहेब, आता तेवढी भाजी आणायचं मंजूर करा."

भेटीच्या दिवशी कारंजे गुडघ्याएवढेच उडाले, हा दोष सर्वस्वी अर्जदाराचा. बदली करावी, तक्रार नाही. नळ मात्र बंद करू नये.

खऱ्या साहेबांची मंजुरी आणा, असे आपण म्हणालात. ती मागण्याचे काम भेटीच्या दिवशीच झाले आहे. आपण छायाचित्रकाराला जागा दाखवत होतात, तेव्हा मावशी साहेबांच्या पुढ्यातच जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, नळ राहील ना चालू?" दुभाष्याने शब्दन्शब्द सांगितले. साहेबांचे हात मागे होते, मान किंचित कलती. त्यांनी ती हलवली, हेडक्लार्कांनी शिकवल्याबरहुकूम, आणि उत्तर न देता ते गाडीकडे चालू लागले.

एक शब्द वगळता आपला आज्ञाधारक,
नक्कलनवीस

दिनांक : आजचा, नळ चालू असतानाचा.
सोबत : तालमीसाठी दिलेली टोपी. आतला घाम पुसला आहे.