तीन तुकड्यांचा कोर

मिस्त्री, तुमी जाऊन किती वर्षं झाली, आणि तुमच्याशी बोलायला आज नातीला कम्प्युटरपुढं बसवलंय. मला अक्षर येत नाय, ते तुमाला ठाऊकच. मी बोलते, ती टाइप करते. मधेच हसते, तेवढं पोटात घाला.

मुरबाडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी नवी होते. पंपाच्या पोटात पाण्याची वाट पोकळ राहावी म्हणून लोखंड ओतायच्या साच्यात वाळूचा कोर बसवायचा, आणि ती वाट मेली वाकडी, दोन फाट्यांची. तुमी ती वाळू ठासायला सागाची पेटी केलीत. तिच्यातून कोर तीन तुकड्यांत निघायचा. मी ते भट्टीत भाजायचे, खळीनं चिकटवायचे. मग वाफ जायच्या भोकाला तोंड लावून फुंकर मारायची, पलीकडून वारा आला की कोर पास. एकदा विसरले. तुमी ओरडताय, "गो, आत वाफ कोंडली तर लोखंड तोंडावर उडंल! मग आरशात काय बघशील?" मी म्हणते, "आता तरी काय बघण्यासारखं हाय?" तुमी तोंड फिरवून हसताय. शेवटच्या दुखण्यात तुमी एकच सांगितलंत, "माझ्या पेटीला मोडीत जाऊ देऊ नको."

नाय जाऊ दिली. शेठ बदलले, भट्टी बदलली, पण असा कोर दुसऱ्या पेटीतून निघायचा नाय, असं मी प्रत्येकाला ठणकावलं. तीन तुकड्यांच्या सांध्यावर लोखंडाची धार उठते, ती कानशीनं घासताना पोरींची बोटं सोलतात, हे मात्र कोणाला बोलले नाय.

आता नात त्याच शेडमध्ये कामाला आहे. ती कम्प्युटरच्या पडद्यावर कोर काढते, गरगर फिरवते, उभा चिरून वाफेची वाट दाखवते. तिनं नव्या पेटीच्या बाजू सुट्या केल्या. एकेक बाजू आपापल्या दिशेनं सरकते, आणि कोर अख्खा निघतो. आटगावला घरी तो माझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला. "आजे, शेठ तुझ्या शब्दावर थांबलाय. जुनी पेटी ठेवायची का? खरं सांग."

मी बोट फिरवलं. सांधा कुठंच नव्हता, म्हणजे पोरींना घासायला धारही उठायची नाय. खोटं बोलायची सवय होती, एकदा आणखी बोलले असते. "काढून टाका," म्हटलं. तुमच्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटलं.

नात विचारते, हे पाठवायचं कुठं. कुठं पाठवणार गो, राहू दे तुझ्याकडंच. मिस्त्री, पेटी गेली याचं वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी, घटकाभर, मला बरं वाटलं.