सात नंबरचा खड्डा

द्वारा ५६ ए.पी.ओ.
१४ मे २००६

तीर्थरूप बाबांस,
उमेंद्रचा शि. सा. न. वि. वि. तुमच्या पायांवर डोकं ठेवून रामराम.

मी, सोनिका व आपली छोटी आचल इकडे खुशाल आहोत. तुमच्याच जुन्या डेपोत येऊन मला चार महिने झाले. गेटवरचा म्हातारा माळी अजून तुमची आठवण काढतो. म्हणतो, बिसेन हवालदाराचा पोरगा म्हणजे आपलाच.

हसू नका, पण साहेबांनी मला पर्यावरण व्यवस्थापनाच्या कामावर बसवलं आहे. आता फौजेच्या डेपोंनाही बाहेरच्या कारखान्यांसारखं प्रमाणपत्र घ्यायचं आहे. कोणतं तेल कुठे सांडतं, कोणती नाली कुठे जाते, जमिनीत काय मुरतं, पाण्यात काय उतरतं, सगळं रजिस्टरात लिहायचं. नोव्हेंबरात तपासणीवाले येतील. जवान मला आता कचरासाहेब म्हणतात. ताईला कळलं तर ती म्हणेल, घरी स्वतःचं ताट न उचलणाऱ्याला सरकारनं बरोबर पकडलं.

एक विचारायचं होतं. टाकाऊ माल पुरण्याचे सहा खड्डे नकाशावर आहेत. तुम्ही त्याच विभागात होता. आणखी कुठे खड्डा होता का? आठवलं तर ताईकडून चार ओळी लिहवून घ्या.

उन्हात धानाच्या बांधीवर जाऊ नका. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमचा
उमेंद्र

॥

नागरा
४ जून २००६

चि. उमेंद्र यास,
योगेश्वरीताईचे अनेक आशीर्वाद.

कचरासाहेब, तुझं पत्र मिळालं. ताटाचं मी म्हणणारच होते, तू आधीच लिहून माझा घास पळवलास.

पण पत्र बाबांना वाचून दाखवल्यापासून घरातलं काहीतरी बिघडलं आहे. सोमवारी महादेवाच्या देवळात जायचे, ते बंद. मी विचारलं की खड्ड्याचं काय लिहू, तर म्हणाले, नाही आठवत म्हनून लिही.

मग परवा वेगळंच झालं. ग्रामपंचायतीच्या योजनेतून आपल्या घरामागच्या वाडीत संडासाचा खड्डा खोदायला शालीकराम आला आहे. दुपारी बाराचा सुमार. तो छातीपर्यंत खाली उतरला होता. बाबा घरातून धावत आले, त्याला काखेत धरून वर ओढलं आणि काठावर आपटलं. सहासष्ट वर्षांच्या माणसात एवढी ताकद कुठून आली, असं तो बिचारा अजून विचारतो. त्याला विचारत होते, वास येऊन राहिला का, गोड वास येऊन राहिला का. शालीकराम म्हणाला, मातीचा येतो, आणखी कशाचा येणार.

तो गेल्यावर बाबा खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर ते आत वाकून हाक मारत होते. वर ये बे चुन्नी, वर ये. खड्डा रिकामा होता, उमेंद्र. मी स्वतः पाहिलं.

हा चुन्नी कोण? तुला काही माहीत आहे का? लवकर कळव. सोनिकाला आशीर्वाद व आचलला गोड पापा.

तुझी
ताई

॥

द्वारा ५६ ए.पी.ओ.
२ जुलै २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र डाकेनं पाठवत नाही. आमगावचा मुन्नालाल सुट्टीवर येत आहे, त्याच्या हाती देतो. तोच परत येताना उत्तर आणील.

चुन्नी कोण ते मला सापडलं. जुन्या गोदामात उंदरांनी कुरतडलेल्या ड्यूटीच्या वह्या आहेत. तीन सप्टेंबर १९७६ च्या पानावर लिहिलं आहे, खड्डा क्रमांक सात, भरून बंद. खाली पाच नावं. दुसरं नाव रूपलाल बिसेन. तिसरं चुन्नीलाल कापगते. दुसऱ्या दिवसाच्या पानावर चुन्नीलालच्या नावापुढे लाल शाईनं मयत, सर्पदंश. साक्षीदार म्हणून बाबांची सही. त्यांचा तो वळणदार र मी लगेच ओळखला.

सातवा खड्डा नकाशावर नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, जे नकाशावर नाही ते शोधत बसू नकोस, प्रमाणपत्र तोंडावर आलं आहे. माणूस वाईट नाही, पण वरून घाई आहे. आणि ताई, डेपोच्या कुंपणाच्या तारेपलीकडे उतारावर एक गाव आहे. त्या गावच्या हापशाचं पाणी मी बाटलीत भरून आणलं. झाकण उघडलं तर फणसासारखा गोडसर वास आला. तुझं पत्र मी त्याच्या आठ दिवस आधी वाचलं होतं. बाटली टेबलावर ठेवून मी खोलीबाहेर आलो.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. सगळं दाखव. माझा राग नाही असं सांग. पण मला त्या खड्ड्याची जागा हवी आहे.

तुझा भाऊ
उमेंद्र

॥

नागरा
१९ जुलै २००६

चि. उमेंद्रले बापाचा आशीर्वाद.

मीच लिहून राहिलो. हे योगेश्वरीच्या हातानं लिहवाले मन होत नाही.

चुन्नीलाल नवेगाव बांधचा. माझ्यासंगच भरती झाला, माझ्यासंगच जेवे. त्या वर्षी फुटक्या ड्रमांचा ढीग झाला होता. मशिनीचं तेल न गंज धुवाचं औषध होतं त्यात. सहा खड्डे भरले होते म्हनून सातवा खोदला, दोन पुरुष खोल. दुपारची वेळ, पाऊस नुकताच थांबला होता. एक ड्रम गडगडत जाऊन आडवा पडला न फुटला. सुभेदारानं म्हटलं, उतरून सरळ करा. चुन्नी उतरला. शिडी मी धरली होती.

खाली जाऊन त्यानं वर पाहिलं न हासला. म्हने रूपलाल, पिकल्या फनसासारखा वास येऊन राहिला बे. मंग खाली बसला. मले वाटलं मजाक करून राहिला. मंग आडवा झाला. मी शिडीवर एक पाय टाकला, तर सुभेदारानं पट्ट्याले धरून मले मागे ओढलं. तू बी मरशील म्हने. खरंच म्हने तो. पन उमेंद्र, त्यानं मले एकदाच ओढलं. दुसऱ्यांदा मीच गेलो नाही.

आकड्यानं बाहेर काढला तवा तो गेला होता. खड्डा त्याच दिवशी बुजवला. चौकशी नको म्हनून कागदावर साप लिहिला न मी सही केली. त्याच्या अस्थी घेऊन नवेगावले मीच गेलो. त्याच्या बायकोनं, फुलवंतानं इचारलं, भाऊजी, कोनता होता, नाग का घोनस? मी म्हटलं, नाग.

तवापासून तो मले दिसते. रागानं नाही पाहत. हासून पाहते, वास कसा येऊन राहिला ते सांगते. मी त्याले वर ये म्हनतो.

आता जागा सांगतो. पूर्वेच्या तारेपासून आत चाळीस पावलं, जुन्या पान्याच्या टाकीकडे तोंड करून. बाजूले तीन मोहाचे झाडं होते, आता असन नसन. तारेच्या पलीकडे ढलान हाय. ते गाव तवाही होतं, आमाले दिसे. लिही तुझ्या रजिस्टरात. माझी सही खोटी होती हेही लिही. पेन्शन बंद झाली तं होऊ दे.

आचलले माझ्याकडून गुळाचा खडा दे. बापावर जीव राहू दे, जमलं तर.

रूपलाल

॥

नागरा
२० ऑगस्ट २००६

चि. उमेंद्र यास,
ताईचे आशीर्वाद.

धानाची रोवणी आटोपली आणि बाबांनी नवेगाव बांधचा हट्ट धरला. मी म्हटलं पत्र लिहू, ते म्हणाले खोटं बोलाले मी पायानं गेलो होतो. गुरुवारी एसटीनं गेलो.

फुलवंताबाईंनी बाबांना लगेच ओळखलं. भाऊजी म्हणून हाक मारली, लेकीला, मंदाबाईंना, पाणी आणायला सांगितलं. बाबांनी पेला घेतला नाही. अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. एकदाच ओढलं, तेसुद्धा. मला वाटलं त्या रडतील नाहीतर बाबांच्या अंगावर धावतील. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाबांनी पुन्हा सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, तीस वर्ष मी नागपंचमीले वारुळावर दूध नाही नेलं. दिसला साप का पोट्ट्यांना मारायले लावला. मंदीले बांधीत उतरू नाही दिलं, तिच्या हिश्शाची रोवणी मी केली. कोनासाठी केलं म्या हे सगळं? त्या म्हणाल्या, आता जा भाऊजी. एवढंच.

परतताना बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. मला वाटलं उतरलं ओझं. पण काल दुपारी वाडीत पुन्हा आवाज आला. ते अजून हाक मारतात, उमेंद्र. फक्त आता हळू मारतात, जवळच्या माणसाला मारावी तशी.

तिकडे काय झालं ते लिही.

तुझी
ताई

॥

नवेगाव बांध
१० सप्टेंबर २००६

उमेंद्र बाबू यास,
फुलवंता चुन्नीलाल कापगते हिचा रामराम.

तुझा पत्ता तुझ्या बहिनीनं जाताना मंदीजवळ ठेवला. मी सांगतो न मंदी लिहून राहिली.

तुझ्या बापाले मी माफ केलं का नाही, हे मले माहीत नाही, तू इचारू नको. ते माझं न त्यायचं हाय. मले दुसरं इचाराचं हाय. तुझ्या बहिनीनं जाता जाता सांगतलं का त्या खड्ड्याच्या खाली एक गाव हाय न तिथल्या पान्याले वास येते. त्या गावच्या बायकांना कोनी सांगतलं का? का त्यायलेही कोनी साप म्हनून सांगून ठेवलं?

खरं माझ्या दारी यायले तीस वर्ष लागले. तोवर म्हातारी झालो मी. त्या गावात लेकुरवाळ्या बाया असतीन, हापशावर जात असतीन. तू साहेबाचा हुकूम पाहत बसशीन तं तुझ्या बापात न तुझ्यात काय फरक रायला? राग नको मानू, पन मी सीधी बोलतो.

मंदी म्हनते, बाईनं असं लिहू नये. मी म्हटलं, लिही.

बायकोले न लेकीले आशीर्वाद. नवेगावच्या तळ्याकाठी कधी आले तं घर उघडं हाय, तुमच्यासाठी.

फुलवंता

॥

द्वारा ५६ ए.पी.ओ.
१५ ऑक्टोबर २००६

ती. मावशींस,
उमेंद्रचा सा. न. वि. वि. मावशी म्हणालो, चालेल ना?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग साहेबांच्या टेबलावर ठेवलं. सोबत बाबांचंही. साहेबांनी दोन्ही वाचली. मग म्हणाले, खोद.

बाबांनी सांगितली तिथे मोहाची झाडं नाहीत, पण बुंधे आहेत. चाळीस पावलं मीच मोजली. यंत्रानं भोक पाडलं, आम्ही मुखवटे लावून वारा येतो त्या बाजूला उभे होतो, तरी तो वास आला. आचलच्या वाढदिवसाला फणस आणायचो, आता घरात आणणार नाही. खड्डा क्रमांक सात रजिस्टरात चढला आहे. चुन्नीलालकाकांचं नाव, तारीख आणि खरं कारण, तिन्ही. बाबांची सही खोटी असल्याचंही लिहिलं आहे. त्याची चौकशी होईल. बाबांना कळवलं, ते म्हणाले, होऊ दे.

गावात पाण्याचा टँकर पाठवायचं ठरलं. पण वरून आदेश आला, कारण सांगू नका, तपासणी होऊन जाऊ दे. मी टँकरवर बसून गेलो आणि हापशाजवळ बाया जमल्या होत्या, त्यांना कारण सांगितलं. त्यासाठी मला जाब विचारला आहे, आणि हे काम माझ्याकडून काढलं आहे. माझ्या जागी दुसरा आला. रजिस्टर मात्र त्याला फाडता येणार नाही, पानांना आकडे आहेत.

त्या बायांनी एकच विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, माझे वडील जवान होते तेव्हापासून. एक म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि गेलेल्यांची नावं सांगू लागली. सून, दोन दीर, शेजारच्या घरचं पोटातच गेलेलं लेकरू, त्याला नाव नव्हतं तर त्याच्या आईचं. हे सगळे त्या पाण्यानंच गेले असं मी म्हणू शकत नाही, नाही गेले असंही म्हणू शकत नाही. तिनं मला मध्ये बोलू दिलं नाही. मग बाकीच्या सांगू लागल्या. मी खिशातली वही काढली आणि लिहीत राहिलो. टँकर रिकामा होऊन परत गेला तरी त्यांची नावं संपली नव्हती.

ती वही माझ्याजवळ आहे. दुपारी जरा डोळा लागला की कोणीतरी पुढचं नाव सांगतं, आणि मी उठून बसतो.

मंदाताईंना नमस्कार. लोभ मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

तुमचा
उमेंद्र रूपलाल बिसेन