टेलरांच्या मेळाव्यातली थैली

नाना, मी अजून जादूचे प्रयोग करते. लग्न झालं की खूळ जाईल असं तुम्हाला वाटलं होतं. लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली, खूळ आहे तिथंच आहे. आणि तुम्हाला आवडो न आवडो, त्यातलं सगळं कापडकाम मी स्वतः शिवते. रुमाल, झेंड्यांची माळ, आणि ती रिकामी दाखवायची थैली, जिच्यात लाल रुमाल टाकला की पिवळा निघतो. तयार थैल्या मिळतात, पण त्यांचं अस्तर इतकं सळसळतं की पहिल्या रांगेतलं पोरसुद्धा आत कप्पा आहे म्हणून सांगेल. माझी थैली मी सिन्नरच्या शाळांत, कंपन्यांच्या कार्यक्रमांत उलटीसुलटी करून दाखवते आणि ती एकदाही पकडली गेलेली नाही. ही फुशारकी आहे, आणि तुमच्यापुढेच मारायची आहे.

नाशिकरोडचं दुकान आठवतं. तुमच्या हातचा चोरखिसा म्हणजे काय, हे पार पेठ तालुक्यापर्यंत ठाऊक होतं. तिकडचा एक गडी म्हणाला होता, "मास्तर, आसा शिवा का घरवालीलाबी नाय घावला पाह्यजे," आणि तुम्ही हसत शिवून दिला होता. म्हणून मी सतराव्या वर्षी पहिली थैली शिवली तेव्हा वाटलं, नाना खूश होतील. अजून डोळ्यांपुढे आहे, तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या एका कामगाराचं माप घेताय. थैलीकडे न बघताच ती हातात घेता, अंगठा फिरवता, आणि दोन बोटं सरळ आतल्या कप्प्यात. "जादू कसली, ठिगळ आहे हे. आंधळ्यालाही सापडेल." त्या माणसादेखत तुम्ही ती ब्लेडनं उसवलीत. वर म्हणालात, "चोरखिसा माणसाचं राखायला असतो. तू लोकांना फसवायला शिवतेस." मला रडू नाही आलं, राग आला. शटर ओढताना मात्र माझ्याकडे न बघता पुटपुटलात, "एक शिवण लपवायची तर तशाच चार उघड्या ठेवाव्यात."

बस, एवढंच. पण त्या एका वाक्यावर मी उभी आहे. माझी थैली चार पट्ट्यांची असते, चार शिवणी राजरोस दिसतात, आणि कप्प्याचं तोंड त्यातल्याच एकीत असतं. टेलरच्या मुलीनंच करावी अशी चूकही करून झाली. सवयीनं कडक इस्त्री मारली, आणि तालमीत स्टेजच्या दिव्यात कप्प्याची घडी लख्ख दिसली. आता मखमल, आत धुऊन मऊ केलेलं सुती कापड, हाताची तुरपाई, आणि इस्त्री बिलकूल नाही.

परवा टेलर लोकांच्या मेळाव्यात मला बोलावलं होतं. ते लोक माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, सगळ्यांचे डोळे शिलाईवर. पिवळा रुमाल निघाला तसे तुमच्या दुकानात कटिंग करणारे चाचा उभे राहिले. "बेटी, ती थैली जरा इकडं दे. हाताला कळतं का बघतो." कप्पा सापडला असता तर हसू माझं झालं नसतं, मास्तरांच्या पोरीची शिलाई म्हणून तुमचं झालं असतं. मी पायऱ्या उतरून थैली दिली. चाचांनी चष्मा काढला, डोळे मिटले, एकेक शिवण चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चोळली. थैली उलटी करून पुन्हा तेच. मग परत देत म्हणाले, "काही नाही. साफ खाली आहे. तुझा बाप असता ना, त्यानंही हात टेकले असते." टाळ्या थांबेनात. मी माइकवर म्हटलं, "शिकवलं त्यांनीच."

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. चाचांच्या हातात गेली ती दुसरी थैली होती. कोणी तपासायला मागितलीच तर द्यायला मी हुबेहूब तशीच, पण कप्पा नसलेली एक शिवून जवळ ठेवते. पायऱ्या उतरताना पदराआड अदलाबदल केली. एवढे टेलर टक लावून बसले होते, एकालाही दोन थैल्यांतला फरक कळला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण चाचांचं ते वाक्य मी वाकून नमस्कार करून घेतलं, आणि त्यावर माझा हक्क नव्हता. त्यांचं घर इथून दहा मिनिटांवर आहे, कप्प्याची थैली समोर टेबलावर आहे, आणि मी अजून गेलेले नाही. ती आजवर मी एकाही टेलरच्या हातात दिलेली नाही. तुमच्यासाठी राखून ठेवलीय, असं लिहिणार होते. तसं नाही, नाना. भीती वाटते.