न लाभलेला हिरा

अव्वा, "लाभला नाही म्हणायचं आणि परत करायचं, दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही," हे तुझं वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या थोरल्या लेकीच्या, अक्काच्या लग्नाच्या वेळी तू ते म्हणालीस, चुलीपुढं बसून, भाकरी उलटताना, माझ्याकडं न बघता. मी तेव्हा परकरात होते. आता माझी चाळिशी उलटली, माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे, आणि आपल्या घरात पुन्हा एक हिरा लाभतो का ते बघायला आणून ठेवलेला आहे. तू गेल्यापासून तुला काही सांगावंसं वाटलं की मी मनातल्या मनात कन्नडमध्ये बोलते. लिहिते आहे मराठीत, कारण कन्नड लिहायला मला कुणी शिकवलं नाही, आणि तुला तर कुठलीच अक्षरं येत नव्हती. म्हणजे तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस माझ्यात नाही.

स्थळ अकलूजचं आहे. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे, सरळ आहे, बोलताना खाली बघतो. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले, तरी आमच्याकडं अजून सगळं ओढून ताणूनच चाललेलं असतं, आणि असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही हे मला कुणी सांगायला नको. मुलाची आई बैठकीत म्हणाली, "आमाला बाकी काय बी नको बगा. पण आमच्या घरात सुनंच्या नाकात हिरा असतो, आन् तो पांढरा. पिवळा न्हाई चालत. आमच्या आत्याबाईंनी घातला हुता, वर्षात कुंकू पुसलं त्यांचं." आणि उठता उठता, "कुटं हिंडत बसू नका. आमचा भाचा हाय की तुमच्या सोलापुरातच, सराफीत. घरचा माणूस हाय, फसवनार न्हाई."

त्या घरच्या माणसानं हिरा दिला तोही तुझ्या वेळच्याच रीतीनं. विकत आधी घ्यायचा नाही. निळसर पातळ कागदाच्या पुडीत घरी न्यायचा, देवाजवळ ठेवायचा, मुलीनं रोज त्याला हात लावायचा आणि घरात काय बरंवाईट होतं ते बघायचं. तोवर तो धुवायचा नाही, कारण धुतला की आपला झाला. आम्ही सगळे बघत राहिलो. दूध उतू गेलं नाही, कुणाला ताप आला नाही. तुझे जावई मिलमधून येऊन म्हणाले, "आज सायकल पंक्चर झाली नाही, साहेब ओरडला नाही. लाभला म्हणायचा!" मुलगी हसली. ती इतकी मोकळी हसली की मला धास्तीच वाटली.

काल दुपारी मी पुडी घेऊन माळवदावर गेले. शेवया वाळत घातल्या होत्या, त्या बघायच्या होत्या; हिरा का नेला ते मला सांगता येणार नाही. उन्हात तो पांढराच दिसत होता. पण माझ्या अंगठ्याला पीठ लागलं होतं, ते हिऱ्यावर उतरलं, आणि मी विचार न करता पदराचं ओलं टोक त्याच्यावर फिरवलं. पदरावर जांभळट डाग उमटला. रेशनच्या दुकानात जिभेला लावून लिहायची ती पेन्सिल असते ना, तसा, अगदी पुसट. मी पुन्हा पुसलं. मग पांढऱ्या पंच्यावर ठेवून बघितलं, तर तो पातळ चहाच्या रंगाचा झाला होता; पिवळेपणा झाकायला वर जांभळा हात दिलेला होता. मी तिथंच बसून राहिले. अव्वा, मला आधी तू आठवलीस. अक्का नंतर.

तूही अशीच बसली होतीस. हिरा लाभला असं धरून तो धुवायला तू रिठ्याच्या पाण्याची वाटी पुढं घेतलेली, आणि अक्का पलीकडं ताटावर शेवया सोडते आहे. तू वाटीतला हिरा वर काढून दिव्याच्या कोनाड्याजवळ नेतेस. मी विचारते, "काय झालं गं?" तू म्हणतेस, "काही नाही." मग डोक्यावरून पदर घेऊन त्या म्हाताऱ्या सराफाकडं जायला निघतेस, मी तुझ्या मागं. त्याच्या ओसरीवर तू हिरा ठेवलास आणि म्हणालीस, "काका, आमच्या पोरीला लाभला नाही. अंगात ताप भरला तिच्या." त्यानं पुडी उघडली, हिरा बघितला आणि तुझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. "असतं एकेकाचं," तो म्हणाला. अक्काला ताप नव्हता. परत येताना मी म्हणाले, त्यानं रंग लावला होता असं का नाही सांगितलंस? तू रस्त्यातच थांबलीस. "तोंडाला कुलूप लाव. त्याच्याही घरात तीन पोरी आहेत लग्नाच्या." आणि घरी आल्यावर ते चुलीपुढचं वाक्य.

तू त्याची अब्रू राखलीस, आणि गावाच्या हातात काय दिलंस ते तुला कळायला आठवडाही लागला नाही. हिरा का परत आला असं कुणी विचारलं की म्हातारा तेच सांगायचा जे तू सांगितलंस. ते फिरत फिरत अक्काच्या होणाऱ्या सासरी गेलं. ज्या मुलीला हिरा लाभत नाही ती मुलगी घराला काय लाभणार, असं म्हणून त्यांनी नारळ परत पाठवला. पुढं कुठलंही स्थळ आलं की ते आधी हेच विचारायचं. शेवटी अक्कलकोटच्या पलीकडच्या, यातलं काही कानावर न गेलेल्या एका बिजवराला तिला दिली आणि दुसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली. आपण पोचलो तेव्हा आपल्या रीतीप्रमाणं तिला खड्ड्यात बसवून वर माती लोटूनही झाली होती. तिच्या सासूनं आपल्याला बघून कपाळ बडवून घेतलं नाही. दाराशी टेकून ती म्हणाली, "हिरा लाभला नव्हता म्हनं हिला. आमाला आदी सांगायचं की." तुझा हात माझ्या हातात होता. मला वाटलं, आता तरी तू बोलशील. त्या मातीसमोर तरी म्हणशील, की तिला काही झालेलं नव्हतं, दगडाला रंग होता. तू माझा हात सोडलास आणि पाणी मागितलंस.

म्हणून काल मी हिरा परत करायला गेले नाही, बोलायला गेले. भाच्याच्या पेढीवर गर्दी नव्हती. मी पदराचा डागच त्याला दाखवला. तो घाबरला नाही. "धुतला व्हय वैनी? धुवायचा न्हाई म्हनून सांगितलं हुतं की." मी म्हणाले, तुम्ही खोटा माल दिलात. तेव्हा मात्र त्याला राग आला. "खोटा? काचेवर वढून बगा, कापतोय का न्हाई. अंगचा खरा हिरा हाय. जरा तोंडाला पावडर लावली, येवढंच. पोरगी दाखवायला आनताना तुमी न्हाई लावत?" आम्ही लावली होती. मग तो समजुतीनं म्हणाला, "पुन्हा लावून देतो. मागनं बंद कोंदन केलं की लई वर्सं काय होत न्हाई. पोरीला सांगा, नाक भिजवायचं न्हाई. आन् नगं असंल तर ठेवा हितं. लाभला न्हाई म्हना. त्यात काय येवढं?"

त्यात काय एवढं! अव्वा, मी तिथल्या गादीचा काठ घट्ट धरला. परत करून लाभला नाही म्हणावं, तर माझी मुलगी अक्का होते. रंगाचं उघड बोलावं, तर अकलूजकरांच्या भाच्याला मांडवात उभं राहायच्या आधीच चोर ठरवलं, आणि ते मुलीला नेणार नाहीत. घ्यावा, तर रंगवलेला घ्यावा लागतो. घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, तुझ्यासारखं गप्प बसायचं नाही एवढं ठरवलेलं होतं. ती म्हणाली, "घे आई. खराच आहे ना? मी नाही भिजू देणार." आज सकाळी मी मोरीजवळून जात होते. ती तोंड धूत होती. ओंजळभर पाणी घेऊन आधी एक गाल, मग दुसरा गाल, मग कपाळ बोटांनी ओलं केलं, आणि नाक कोरडं ठेवलं. नाकात अजून काहीच नाही तिच्या, कडुलिंबाची काडी आहे नुसती. ती सवय करते आहे. वीस वर्षांची मुलगी उद्या परक्या घरात जाऊन जन्मभर असं तोंड धुणार, आणि सासू बघत असेल तेव्हा अजून जपून.

मी तशीच पुडी घेऊन पुन्हा पेढीवर गेले. म्हणाले, रंग लावू नका, पिवळा आहे तसा द्या, पिवळ्याच्या भावात द्या. तो म्हणाला, "न्या की. पर माझ्याकडनं नेला म्हनू नका, आत्या मला उभा जाळंल." मग कुणाचा म्हणून सांगू, मी विचारलं. तो पुडी बांधत होता. "जुन्या मानसाचा म्हना. आजीचा, पणजीचा. मेलेल्या मानसाच्या हिऱ्याला, पिवळा का असंना, कोन नावं ठेवतंय, वैनी? पायावर डोकं ठेवून घेतील."

पुडी पुन्हा देवाजवळ आहे; उद्या पैसे देऊन मी तो आपला करणार आहे. सगळा विचार करून झाला, आणि हाच एक हिरा आहे जो नाकात घालून माझ्या मुलीला तोंडावर पाणी मारता येईल. तुझ्या नाकात कधी हिरा नव्हता, चिमुकली सोन्याची फुली होती आणि तीही दुखण्यात काढून ठेवलेली. तू खोटं एकदाच बोललीस, परक्या माणसासाठी, आणि मग आपल्या माणसासाठी खरं एकदाही बोलली नाहीस. हे मी तुला समोर कधी म्हणू शकले नाही, आणि हा कागदही शेवटी चुलीतच जाईल. तुला एक मात्र सांगते. अकलूजच्या बाईंना जे सांगायचं ते मी मघाशी आरशापुढं उभी राहून म्हणून बघितलं, आणि माझी जीभ जराही अडखळली नाही. अव्वा, हा माझ्या आईच्या नाकातला आहे, एवढं मला म्हणू दे. तू नाहीच म्हणशील, तरी म्हणू दे.